दारिद्र्य कोणाच्या दोषाने?

पुण्याहून पौडच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की पिरंगुट ओलांडल्यावर घोटावडे फाटा लागतो. तेथून उजव्या हाताला वळणारा रस्ता मुळा नदीच्या खोऱ्यातून घोटावडे गावाकडे आणि पुढे माण-हिंजवडीकडे जातो. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हे गाव. पावसाच्या पहिल्या सरींनंतर भाताची रोपे टाकावयाची, आषाढात खाचरांतून लावणी करावयाची, दिवाळीच्या आगेमागे कापणी उरकावयाची आणि त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत मिळेल ते काम शोधावयाचे, हा या भागातील पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र याच खाचरांच्या कडेने कारखान्यांच्या भिंती, गृहसंकुलांच्या कमानी आणि भूखंडविक्रीच्या पाट्या उभ्या राहिल्या आहेत.

अशा गावाच्या पारावर एक प्रश्न वारंवार निघतो. एकाच बापाचे दोन मुलगे. वाटणी सारखी, पाऊस एकच, बाजार एकच. वीस वर्षांनी एकाचे घर सावरलेले दिसते, दुसऱ्याचे मोडकळीस आलेले. असे का व्हावे? कोणी म्हणतो, ‘दैवाचा खेळ.’ कोणी म्हणतो, ‘दैव कसले? अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, त्याचे हे फळ.’ दोन्ही उत्तरे जुनी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. दारिद्र्य कोणत्या कारणांनी येते, त्यांतील किती कारणे माणसाच्या हातची असतात आणि किती हाताबाहेरची, याचा विचार महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे होत आला आहे. त्या विचाराचा मागोवा घेतल्यास पारावरच्या या प्रश्नाकडे अधिक न्याय्य दृष्टीने पाहता येईल.

लग्नाचा खर्च आणि कर्जाचा डोंगर

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पाहता पाहता हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरावर होता. ठिकठिकाणी कर्जरोखे आणि खतपत्रे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली.

शेतकरी इतका कर्जबाजारी का झाला, याचे एक सोपे उत्तर त्या काळी सरकारी अधिकारी आणि शहरी सुशिक्षित यांच्या तोंडी होते. शेतकरी लग्नकार्यांत आणि सणासुदीत पैसा उधळतो, म्हणून तो बुडतो, असे ते उत्तर. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे चौकशी आयोगाने गावोगावच्या कर्जाचा तपास केला, तेव्हा या समजुतीला आधार मिळाला नाही. लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष आयोगाने नोंदवला. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने हा खर्च मोठा असला, तरी असे प्रसंग क्वचित येतात आणि वर्षानुवर्षांच्या हिशेबात ती रक्कम फारशी अवाजवी ठरत नाही, असे आयोगास दिसून आले.

मग खरी कारणे कोणती होती? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास अनेक तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. पाऊस बेभरवशाचा; सारा मात्र ठरलेल्या तारखेस रोख भरावयाचा. तो भरण्यासाठी कर्ज, कर्जावर चढे व्याज, व्याजापोटी नवे खत आणि अखेरीस न्यायालयाचा हुकूमनामा, अशी ती साखळी होती. या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही लग्नातील उधळपट्टीचा आरोप खोडून काढला आणि विद्येचा अभाव, महसुलाचा बोजा व नोकरशाहीकडून होणारी नाडणूक यांकडे बोट दाखवले.

माणसाच्या दोषावर बोट ठेवणे सोपे असते, कारण तो दोष डोळ्यांना दिसतो. लग्नाचा मांडव सगळ्या गावाला दिसतो. व्याजाचा दर आणि साऱ्याचा हप्ता मात्र दप्तरात असतो.

पिंपळे सौदागरचा हिशेब

घोटावड्याच्या पूर्वेस थोड्या अंतरावर, पवना नदीकाठी, पिंपळे सौदागर हे गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड शहराचा भाग झाले असले, तरी शंभर वर्षांपूर्वी ते शेतीवर जगणारे खेडे होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी या गावाची घरोघर फिरून पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. एका भारतीय खेड्याच्या अर्थव्यवहाराचा इतक्या बारकाईने घेतलेला हा आरंभीचा हिशेब होय.

मॅन यांनी जुनी कागदपत्रे तपासून जमीनधारणेचा इतिहास मांडला. १७७१ साली या गावात सरासरी धारणा ४० एकर होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ साली केवळ ७ एकर उरली. हे सात एकरही सलग नव्हते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते. १०३ कुटुंबांचा जमाखर्च तपासल्यावर असे आढळले, की केवळ शेतीवर नीट निभाव लागणारी कुटुंबे ८ होती. शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन भागवणारी २८ होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचे शेती आणि मजुरी मिळूनही भागत नव्हते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या ६७ घरांतील माणसे सरसकट आळशी किंवा व्यसनी होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. घरटी जमीनच इतकी कमी, की ती कितीही राबून कसली तरी वर्षाचे धान्य पुरणे कठीण. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण शहाणपणाची खरी. परंतु अंथरूण गुडघ्यापर्यंतच पुरत असेल, तर माणसाने पाय किती आखडावेत, यालाही मर्यादा आहे.

मुळशीचे पाणी आणि मुळशीची माणसे

मुळशी तालुक्याची स्थिती याहून निराळी आणि काही बाबतीत अधिक बिकट होती. पश्चिमेकडे ताम्हिणीच्या बाजूस पाऊस अतोनात. पूर्वेकडे येता येता तो झपाट्याने कमी होतो. खाचरांत भात, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, एवढीच मुख्य पिके. पाऊस भरपूर असला, तरी तो चार महिन्यांचा. डोंगरावरून आलेले पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात त्याच गावांतील बायकांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते. पाण्याची साठवण नाही म्हणून दुसरे पीक नाही, आणि दुसरे पीक नाही म्हणून आठ महिने काम नाही.

पाणी अडवले गेले, तेही मुळशीसाठी नव्हे. मुंबईस वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावांवर बुडण्याचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी या लढ्याचे नेतृत्व केले आणि त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी जनतेने दिली ती याच लढ्यातून. जमिनींचा बराच भाग सावकारांच्या नावे गेलेला असल्याने मोबदल्याचा मोठा वाटा त्यांच्या पदरी पडावयाचा होता. जमीन कसणाऱ्या कुळास मात्र जमिनीखेरीज दुसरा आधार नव्हता. लढा अयशस्वी झाला, धरण पूर्ण झाले आणि १९२७ साली भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या दारिद्र्याचा दोष त्यांच्या स्वभावात शोधणे हा अन्यायच होय.

येथील माणसांच्या स्वभावाची साक्ष काढावयाची, तर ती मुंबईत मिळते. मुंबईच्या कचेऱ्यांत जेवणाचे डबे वेळेवर पोचवणारे डबेवाले बहुसंख्येने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील आहेत. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली आरंभिलेला हा व्यवसाय अल्पशिक्षित माणसांनी केवळ शिस्त, स्मरणशक्ती आणि परस्परविश्वास यांच्या बळावर शतकाहून अधिक काळ चालवला. डब्यावरील रंगीत खुणा, लोकलचे वेळापत्रक आणि डोईवरचे ओझे यांचा मेळ घालून हजारो डबे दररोज बिनचूक पोचवण्याची त्यांची कीर्ती परदेशांतील व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांपर्यंत गेली.

गावात आठ महिने रिकामा बसतो म्हणून ज्याला आळशी म्हटले जाई, तोच माणूस मुंबईत घड्याळाच्या काट्यावर धावतो. स्वभाव तोच, माणूसही तोच. बदलली ती केवळ कामाची उपलब्धता. आणि २०२० साली महासाथीच्या टाळेबंदीत लोकल थांबल्या, कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा याच कष्टाळू माणसांचे उत्पन्न एका दिवसात बंद पडले. त्यात त्यांचा दोष कोणता होता?

दारिद्र्याचे मोजमाप

स्वातंत्र्यानंतर दारिद्र्याच्या चर्चेस शास्त्रीय बैठक देण्याचे कार्य पुण्यातच झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसास दररोज किमान २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार परवडण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा दरडोई सुमारे १५ रुपये खर्च करता यावेत, असा त्यांचा हिशेब होता. या कसोटीनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. कोट्यवधी माणसांच्या वाट्याला जी स्थिती येते, तिचे स्पष्टीकरण त्या प्रत्येकाच्या व्यक्तिगत दुर्गुणाने देता येत नाही. पुढे २००९ साली प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील गटाने केवळ उष्मांकांवर न थांबता शिक्षण आणि आरोग्यावरील खर्चही या मोजमापात धरला.

आरोग्याचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ड्यूक विद्यापीठातील अभ्यासक अनिरुद्ध कृष्णा यांनी भारतासह अनेक देशांतील ३५ हजारांहून अधिक कुटुंबांच्या चढउताराचा मागोवा घेतला आणि २०१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. सुस्थितीतील कुटुंब दारिद्र्यात घसरण्याचे सर्वांत मोठे कारण घरातील आजारपण आणि त्यावरील खर्च हे असल्याचे त्यांना आढळले. आळस किंवा दारूचे व्यसन यांमुळे घसरलेली घरे होती, परंतु ती थोडी होती.

पारावरच्या त्या दोन भावांपैकी मागे पडलेल्या भावाकडे या दृष्टीने पाहावे. समजा, त्याच्या बायकोस मोठे दुखणे झाले. आधी दुभती म्हैस विकली गेली. म्हैस गेल्याने दुधाचा रोजचा पैसा थांबला. पैसा थांबल्याने उसनवारी आली, ती फेडण्यासाठी थोरल्या मुलाची शाळा सुटली आणि तो मजुरीस लागला. दुखणे सहा महिन्यांचे; त्याचा परिणाम दोन पिढ्यांचा. राज्य शासनाने २०१२ साली जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली व २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले, त्यामागील तत्त्व हेच आहे, की आजार हा माणसाचा अपराध नव्हे आणि त्याची शिक्षा त्याच्या मुलांना होऊ नये.

काम मागणारे हात

गरीब माणसास काम नको असते, या समजुतीची महाराष्ट्रात एकदा फार मोठी परीक्षा झाली. १९७२ च्या दुष्काळात शेते करपली आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास स्त्री-पुरुष राबत होते. रणरणत्या उन्हात खडी फोडणे, नाल्यांवर बांध घालणे, रस्त्यावर मुरूम टाकणे अशी ती कामे. मजुरी तुटपुंजी आणि श्रम अपार. तरीही माणसे मैलोन्‌मैल चालत कामावर आली.

याच अनुभवातून रोजगार हमी योजनेस व्यापक रूप आले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेचा आधी प्रयोग केला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे देशाने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यास महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

या योजनेची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. येथे कोणास फुकट काही दिले जात नाही. काम मागण्याची आणि ते करण्याची जबाबदारी व्यक्तीची. मागितलेले काम देण्याची जबाबदारी शासनाची. आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा भार काही अंशी शहरांतील कमावत्या वर्गाने उचलावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला. मजूर, शासन आणि शहरवासी या तिघांच्या जबाबदाऱ्या एकत्र गुंफल्या, तेव्हाच ही हमी उभी राहिली. त्यांतील एकाने अंग काढून घेतले, कामावरचा हजेरीपट खोटा भरला, मजुरी महिनोन्‌महिने रखडली किंवा मजुराने कामाचे माप पुरे केले नाही, की हीच योजना लटकी पडते, हाही महाराष्ट्राचा अनुभव आहे.

जे हाती आहे ते

येथवरच्या विवेचनावरून व्यक्तीवर काहीच जबाबदारी नाही, असा अर्थ कोणी काढू नये. परिस्थितीने माणसास पुष्कळ बांधलेले असते, तथापि ती त्यास पूर्णपणे बांधत नाही. जे थोडे त्याच्या हाती उरते, ते गरिबास श्रीमंतापेक्षा अधिक जपावे लागते, कारण त्याच्या चुकीस क्षमा नसते. सुखवस्तू माणसाने शंभर रुपये उधळले तर त्याची करमणूक होते. गरिबाने उधळले तर त्याच्या मुलाची वही जाते.

भातशेतीचेच उदाहरण घ्यावे. चारसूत्री भात लागवडीची पद्धत कोकणात आणि मावळी पट्ट्यात प्रचारात आली. भाताचे तूस जाळून केलेली राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात वापरणे, हे पहिले सूत्र. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात गाडणे, हे दुसरे. १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवून प्रत्येक चुडात दोन-तीनच रोपे लावणे, हे तिसरे. आणि दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी हाताने खोल खोचणे, हे चौथे. यांतील पहिली तीन सूत्रे शेतकऱ्याच्या हातातील आहेत. त्यांस पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती शिकण्याची तयारी आणि दोरी लावून रोप लावण्याची चिकाटी. चौथे सूत्र मात्र गोळ्या गावात वेळेवर पोचल्या तरच साधते. शेतकऱ्याने पहिली तीन सूत्रे पाळली नाहीत, तर तो दोष त्याचा. लावणीच्या दिवशी गोळ्या मिळाल्या नाहीत, तर तो दोष पुरवठ्याचा. दारिद्र्याच्या प्रत्येक कारणाची अशी फोड करता येते आणि करावयास हवी.

व्यसनाचेही तसेच. दारू पिणारा माणूस स्वतःच्या हाताने घर पेटवतो, यात शंका नाही, आणि त्याची झळ सर्वप्रथम घरच्या बाईस लागते. परंतु पाण्याच्या टाकीआधी दारूचे दुकान गावात पोचत असेल, तर ती जबाबदारी एकट्या पिणाऱ्याची राहत नाही. म्हणूनच निम्म्याहून अधिक महिला मतदारांच्या कौलाने परवानाधारक दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात करण्यात आली. ‘आडवी बाटली’ म्हणून हे मतदान गावोगाव ओळखले जाते. एकट्या नवऱ्यास समजावून थकलेल्या बायांना यातून एकत्र निर्णयाची संधी मिळाली.

जमिनीचा पैसा

व्यक्तीच्या जबाबदारीची खरी कसोटी लागते ती हातात पैसा आल्यावर. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीस माहिती तंत्रज्ञान नगरी उभी राहू लागली आणि मुळशीच्या पूर्व भागातील जमिनींस कधी स्वप्नातही न आलेले भाव मिळू लागले. ज्या खाचराने पिढ्यान्‌पिढ्या वर्षाचे तांदूळही पुरवले नव्हते, त्याचे एकदम लाखो रुपये झाले. काहींनी त्या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली, मुलांना शिकवले, वाहतुकीचा किंवा बांधकामाचा व्यवसाय उभारला. काहींचा पैसा गाड्या, मिरवणुका, लग्नातील मानपान आणि वाढदिवसांच्या फलकांवर गेला. पैसा संपला तेव्हा जमीनही नव्हती आणि हाती कसबही नव्हते. ‘दैव देते आणि कर्म नेते’ ही म्हण येथे लागू पडते. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गमावलेल्या घरांतील तरुणांची परवड आणि गुन्हेगारीकडे वळणारी त्यांची वाट सर्व महाराष्ट्रासमोर आणली.

येथे व्यक्तीचा दोष आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि याच जिल्ह्यात याहून वेगळेही घडले. हडपसरजवळील मगरपट्टा येथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन सुटी सुटी न विकता एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी स्थापन केली आणि स्वतःच नगर वसवले. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकास कंपनीत भाग मिळाला. शेत गेले, परंतु मालकी आणि उत्पन्न राहिले.

मगरपट्ट्याचे शेतकरी मुळशीच्या शेतकऱ्यांहून जात्याच अधिक जबाबदार होते, असे मानण्याचे कारण नाही. त्यांची जमीन कालव्याखालची होती, उसाचे पीक हाती होते, बाजार आणि बँक यांचा परिचय होता आणि विश्वासू पुढारीपण घरातच उपलब्ध होते. त्यामुळे थांबण्याची ताकद त्यांच्यापाशी होती. ज्याच्या दारात कर्ज तुंबलेले असते, मुलीचे लग्न ठरलेले असते आणि सातबाऱ्यावर दहा वारसांची नावे असतात, त्यास थांबणे परवडत नाही. दलाल पहिला जो भाव सांगतो, त्यावर तो अंगठा उठवतो. बहिणींकडून हक्कसोडपत्र घाईने लिहून घेतले जाते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला असला, तरी जमिनीचे पैसे आले तेव्हा तो वाटा किती घरांत प्रामाणिकपणे दिला गेला, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. ही जबाबदारी मात्र परिस्थितीवर ढकलता येणार नाही.

एकट्याची आणि सर्वांची

मुळशी-मावळात ‘इर्जिक’ नावाची जुनी रीत आहे. एखाद्याचे शेत मागे पडले, की सारे गाव औते आणि माणसे घेऊन एका दिवसात त्याचे काम उरकून देते. शेतमालकाने त्या दिवशी सर्वांस जेवू घालावयाचे. या रीतीत मोठे शहाणपण आहे. ज्याच्यासाठी इर्जिक होते, तो स्वतः बांधावर बसून राहत नाही. तोही सर्वांबरोबर औत धरतो. आणि तो मागे का पडला, याची चौकशी आधी केली जात नाही. आधी त्याचे शेत पेरून होते.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर हाच विचार पाण्यास लावला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने श्रमदान केले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, सिंचनासाठी कूपनलिका घेणार नाही आणि ऊस लावणार नाही, असा नियम स्वतःवर घालून घेतला. दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरू लागली. पूर्वी गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. येथे प्रत्येक शेतकऱ्याचा संयम कारणी लागला, कारण शेजारीही संयम पाळील, अशी खात्री गावाच्या नियमाने त्यास दिली होती. एकट्याने ऊस लावला नाही आणि शेजाऱ्याने लावला, तर संयमी माणसाचीच विहीर आटते. ज्याचे फळ मिळण्याची शाश्वती नाही, ती जबाबदारी माणूस फार काळ पाळू शकत नाही.

दारिद्र्याविषयी बोलताना म्हणूनच तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, या माणसाच्या हाती खरोखर काय होते? दुसरा, जे हाती होते, त्याचे त्याने काय केले? आणि तिसरा, जे त्याच्या हाती नव्हते, ते पुरवण्याची जबाबदारी कोणाची होती आणि ती पार पडली काय? पहिला आणि तिसरा प्रश्न टाळून दुसराच विचारणे म्हणजे गरिबावर अन्याय. दुसरा प्रश्न टाळणे म्हणजे त्यास माणूस म्हणून मोजण्यास नकार देणे. जो स्वतःच्या घराविषयी निर्णय घेऊ शकतो, त्याच्याकडून त्या निर्णयाचा जाब मागणे हाही त्याचा मानच आहे.

पारावरच्या त्या दोन भावांचा निवाडा या तीन प्रश्नांनी करून पाहावा. कदाचित मागे पडलेल्या भावाची काही चूक निघेल. कदाचित पुढे गेलेल्याच्या यशात वेळेवर मिळालेल्या एका नोकरीचा वा न आलेल्या एका आजारपणाचा मोठा वाटा निघेल. पुढील पावसाआधी धाकट्याच्या खाचराचा बांध कोणी घालावयाचा, हे ठरवण्यासाठी तो निवाडा पुरा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बांध त्याने स्वतः घालावा. शेजाऱ्याने इर्जिकीस यावे. आणि बंधाऱ्याचा जो प्रस्ताव पुढे जावयाचा आहे, तो ग्रामसभेने याच बैठकीत संमत करावा.